कपाटातले पासपोर्ट

त्या भाषणाबद्दल मी आमच्या कौन्सिलरला अजून माफ केलेलं नाही. आधी मला एकट्याला गाठून सांगायला हवं होतं त्यानं.

साल २००७. गुलामांचा व्यापार बंद करणाऱ्या कायद्याला दोनशे वर्षं झाली म्हणून मँचेस्टरजवळच्या आमच्या गावात टाउन हॉलमध्ये सभा होती. कौन्सिलर इथंच जन्मलेला, एका मराठी डॉक्टरांचा मुलगा. मला काका म्हणायचा. पक्षात त्याला पुढे आणला मीच; माझ्या शब्दाखातर कितीतरी दुकानदार पक्षाचे सभासद झाले होते.

बाकीचे जहाजांवर आणि साखळ्यांवर बोलले. हा उठला आणि म्हणाला, साखळ्या म्युझियममध्ये गेल्या, आता कुलूप कपाटाला असतं. आपल्या गावात आजही कामगारांचे पासपोर्ट मालकांच्या कपाटात आहेत. लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मी बसून राहिलो.

माझा फरसाणाचा कारखाना. सुरुवात केली ती गाडीच्या डिकीतून चिवडा विकून. भारतातून चार आचारी आणले होते. त्यांचे पासपोर्ट माझ्या लोखंडी कपाटात, बायकोच्या दागिन्यांशेजारी. हरवू नयेत म्हणून. घरातला मोठा माणूस सगळ्यांचे कागद सांभाळतो, एवढंच मी लहानपणापासून पाहिलेलं. कधी कुणी परत मागितलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी कौन्सिलरला कारखान्यात बोलावून झाडलं. ते भाषण माझ्याबद्दल नव्हतं असं पेपरात छापून आण, नाहीतर तिकीट विसर, असा सौदा त्याच्यापुढे टाकला.

"काका, मी तुमचं नाव घेतलंच नाही," तो म्हणाला. "तुम्हीच ओळखलंत."

मी त्याला दार दाखवलं. पुढच्या निवडणुकीचा उमेदवार ठरवायची बैठक झाली तेव्हा माझ्या लोकांनी दुसऱ्यासाठी हात वर केले. त्याचं तिकीट गेलं.

त्याच आठवड्यात माझा सगळ्यात जुना आचारी हात पुसत ऑफिसात आला. पासपोर्ट द्या म्हणाला.

"कुठं निघालास?"

"कुठं नाही, शेठ. असू दे जवळ."

मी चिडलो. मग चहा मागवला, पगारवाढीचं बोललो. तो कपाटाकडे बघत उभा. समोरच्याला काय हवंय ते मला सौद्यात पहिल्या मिनिटाला कळतं. याला काय हवंय ते सहा वर्षं कळलं नव्हतं. मी चारही पासपोर्ट बाहेर काढले. त्यानं आपला शर्टाच्या खिशात ठेवला, वरून एकदा थोपटला आणि शेव पाडायला गेला. चौघांपैकी कुणीही काम सोडलं नाही.

पुढच्या मे महिन्यात कौन्सिलर अपक्ष उभा राहिला. न विचारता मी त्याचं पोस्टर कारखान्याला लागून असलेल्या माझ्या दुकानाच्या काचेवर लावलं आणि ज्यांना त्याच्याविरुद्ध हात वर करायला लावले होते, त्या सगळ्यांना एकेक करून फोन केले. बऱ्याच शिव्या खाल्ल्या. तो निसटता निवडून आला.

निकालानंतर तो पेढे घेऊन आला. मी बजावलं, पुन्हा असलं भाषण करायचं असेल तर आधी मला सांगायचं.

"सांगणार नाही, काका," तो म्हणाला. "पण पहिल्या रांगेत खुर्ची ठेवीन."

घासाघीस न करता मी पेढा उचलला.