तीस फूट की तीस मीटर

मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तरुणपणी तर विचारूच नका. याच स्वभावापायी चिंचवडच्या कंपनीतली टेम्पररी नोकरी माझ्या हातून जाता जाता राहिली.

दुष्काळात मी आणि बायकोनं मराठवाड्यात खडी फोडून दिवस काढले. मग इकडं आलो, दिघीत एक खोली घेतली. भोसरीच्या एका शेडमध्ये वस्तादाच्या हाताखाली मी लेथ शिकलो. लेथवर लोखंडाचा जॉब गरगर फिरतो आणि टूल त्याला कापतं. तो किती वेगानं फिरवायचा, यातच निम्मी विद्या. वस्तादानं नियम दिला होता: कापायच्या वेगाला चारनं गुणायचं, जॉबच्या जाडीनं भागायचं, की मिनिटाचे फेरे निघतात. नियम मला तोंडपाठ होता आणि त्याचा माजही होता.

कंपनीतलं मशिन नवंकोरं. त्याच्या प्लेटवर लिहिलेलं, साध्या लोखंडाला वेग तीस. जॉब दोन इंची. तीस चोक एकशेवीस, भागिले दोन, साठ फेरे. बाकीचे टर्नर सेटरनं लावून दिलेल्या गिअरला हात लावत नसत. मी मात्र शहाणा, हिशेब करून गिअर बदलला. शेजारची मशिनं माझ्यापेक्षा कितीतरी जोरात फिरत होती. टूल जाळून घेतील लेकाचे, असं मी मनात म्हणालो.

तिसऱ्या दिवशी सुपरवायझर घड्याळ घेऊन मागं उभा राहिला. शेजाऱ्याचे चोवीस नग झाले होते, माझे नऊ, तेही खरबरीत. त्या काळात गो-स्लोचा, म्हणजे संपाऐवजी मुद्दाम काम हळू करण्याचा, संशय यायला वेळ लागत नसे.

"भाऊ, कुणाच्या सांगण्यावरून चाललंय हे?" त्यानं विचारलं.

"माझं काम मला येतं," मी म्हणालो.

"मग उद्या दाखवा. नाहीतर परवापासून गेटच्या आत यायचं नाही."

चार वाजता घरी आलो. बायको शेजारणीचा ब्लाउज शिवत होती. मी बोलणार नव्हतो, पण तिनं तोंड बघूनच ओळखलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "आवं, पर तीस म्हंजी काय? फूट का मीटर?"

"तुला काय कळतंय लेथमधलं?" मी खेकसलो.

"लेथमधलं न्हाई कळत, कापडातलं कळतंय. दुकानात वार जाऊन मीटर आलं, तवा मी बी वाराच्या हिशेबानं कापड घेऊन फसले हुते."

मला प्लेट आठवली. तीसच्या पुढं बारीक अक्षरांत मीटर होतं. मी तीस वाचून पुढं गेलो होतो, आणि वस्ताद तर सगळं फूट-इंचांत बोलायचा. दोन इंच जाडीची तेलाची बाटली घेतली, बायकोच्या शिवणाच्या टेपचा तिला वेढा घातला. टेपच्या एका बाजूला सहा इंचांच्या वर, दुसऱ्या बाजूला सोळा सेंटिमीटर. साठ फेरे म्हणजे साडेनऊ मीटरच्या आसपास. प्लेट मागत होती तीस. वस्तादाच्या नियमात वेग फुटांत घालायचा होता. तीस मीटर म्हणजे जवळजवळ शंभर फूट. त्याला चारनं गुणून दोननं भागलं तर दोनशे फेरे. मी साठवर रांगत होतो. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

सकाळी दोनशेच्या जवळचा गिअर टाकला. नग आरशासारखे उतरायला लागले. जेवणाच्या सुट्टीपर्यंतच तेरा झाले. सुपरवायझर आला, नगावरून बोट फिरवून म्हणाला, "काल काय झालं होतं?"

गप्प राहिलो असतो तर गो-स्लोचा डाग तसाच राहिला असता. चूक सांगायची तर सगळ्यांसमोर नाक कापून घ्यायचं. तरी सांगितलं, "फुटाचा नियम मीटरला लावला. माझी चूक. बायकोनं काढली. ती ब्लाउज शिवते."

अख्खी लाइन हसली. सुपरवायझरही हसला आणि म्हणाला, "या उद्या वेळेवर."

घरी आलो तर कोपऱ्यात पोतं बांधून ठेवलेलं. चूल थंड, फळीवर एक भांडं नाही. मी शिफ्टला गेल्यावर तिनं गावाकडं परतायची सगळी आवराआवर केली होती.

"हे काय? चूक माझी म्हणून सांगितलं, नोकरी टिकली," मी म्हणालो.

ती पोत्याशी बसून गाठ सोडायला लागली. गाठ तिनं इतकी घट्ट मारली होती की दातांनी सोडवावी लागली. "हिशेब सुधराल हे ठावं हुतं," ती म्हणाली. "चूक माझी म्हणाल, आसं न्हवतं वाटलं."

मी तिच्याशेजारी बसलो आणि एकेक भांडं फळीवर लावायला लागलो.