ग्रहणाची शेवटची पंगत

आमच्या आप्पांनी ऐंशी वर्षांच्या आयुष्यात एकही सूर्यग्रहण पाहिलं नाही आणि याला दोन माणसं जबाबदार आहेत: एक त्यांची आई आणि दुसरा मी.

ग्रहण लागलं की आजी त्यांना घरात कोंडून ठेवायची. मी तर शाळेत भूगोल शिकवतो! (म्हणजे माझा गुन्हा जास्त मोठा.) त्या दिवाळीत ग्रहण आलं, तेव्हा पायांनी थकलेले आप्पा आठवडाभर एकच म्हणत होते, "या टायमाला आमी गिरान बघनार हाय. पुढल्या टायमाला आमी नसनार."

"असं काय बोलता आप्पा! पहिला नंबर तुमचा!" म्हणत मी अख्खं पनवेल पालथं घातलं आणि ग्रहणाचा चष्मा पैदा केला. एकच मिळाला.

संध्याकाळी आप्पांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं. पाठोपाठ सगळी बिल्डिंग वर आली! आता आमच्याकडे हळद असो की जत्रा, घरचा माणूस बसतो शेवटच्या पंगतीला. पाहुण्याआधी घास घेतला तर अख्खं गाव नावं ठेवतं.

"आप्पा, जरा थांबता ना? आपण घरचे."

"हां, लोकांना बघू दे आदी."

झालं! मी वाढायला घेतलं. "नुसत्या डोळ्यांनी नाही बघायचं! मान खाली, चष्मा लावा, मग वर!" तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी "अय्या, भाकरीचा तुकडा मोडल्यासारखा दिसतो!" म्हणत दोनदा पाहिलं. त्यांच्या माहेरच्यांनी पाहिलं. टँकरवाला पाण्याची सही घ्यायला वर आला, तर त्यालाही मी सोडलं नाही. ("अहो, लाजू नका, अजून एकदा घ्या!")

शेवटी चष्मा आप्पांच्या डोळ्यांवर चढवला.

"दिसतो का?"

"सगला कालोख हाय रं."

मी वळून पाहिलं. सूर्य समोरच्या टॉवरमागे गेला होता. तो टॉवरही आमच्याच, आप्पांनीच विकलेल्या भातशेतावरचा.

"आपल्याच शेतात उतरला ना?" आप्पा मलाच समजावत म्हणाले. "मंग जाऊ दे." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या पावसाळ्यात आप्पा गेले. दहाव्याला गाढी नदीवर पिंडाला कावळा शिवेना. आत्या म्हणाली, "दादा, नातवाचं लगीन थाटात करू!" कावळा ढिम्म. "पोरं भांडनार नाय!" (यावर तर त्याने तोंडच फिरवलं.) तास उलटला. शेवटी मी हात जोडले. रडू आवरत नव्हतं.

"आप्पा, पुढच्या ग्रहणाला पहिला नंबर तुमचा. या वेळी खरंच."

कावळा झपकन आला!

आता शब्द दिलाय तर पाळायला हवा. एकाच्या जागी दहा चष्मे आणून ठेवलेत. फक्त कावळ्याच्या मापाचा अजून कुठे मिळाला नाही.