तव्यावरची कणकेची भिंत

आज बटरवर पाव भाजले आणि त्या वासानं मला थेट जपानमधल्या कावासाकी शहरातल्या नदीकाठी नेलं. तिथल्या मोठ्या भूकंपानंतरच्या वसंतात आमच्या ऑफिसचं बार्बेक्यू होतं. मोठा लोखंडी तवा एकच, आणि त्यावर माझे साहेब सातो-सान बीफचे चिमुकले बर्गर भाजत होते. पुण्याहून आलेल्या सासूबाईंनी पोळ्यांसाठी आणलेली कणीक काढली, तव्याच्या मधोमध तिचा बांध घातला आणि अलीकडे बटाट्याच्या टिक्क्या टाकल्या. मी लाजेनं अर्धमेली! आज मात्र तीच भिंत मी सगळीकडे मिरवते.

कारण बघता बघता रांग आमच्याच बाजूला लागली. शेवटी सातो-सानही संकोचत प्लेट घेऊन आले.

“आई, ‘मला चालेल का’ विचारतायत.”

सासूबाईंनी सगळ्यांत मोठी टिक्की पावात भरली. “सांग त्यांना, भिंत बर्गरला आहे, माणसांना नाही.”