दस्तगीरचाचांनी निवडलेली गाडी

दस्तगीरचाचा जुनी गाडी बघायला आले की आधी बॉनेट उघडत नसत. चप्पल बाहेर काढून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसायचे आणि अनवाणी पायाने ब्रेक दाबून धरायचे. मिनिटभर, कधी दोन मिनिटं. विकणारा शेजारी उभा राहून मायलेज, टायर, स्पीकर असं काय काय सांगत असायचा. चाचा समोरच्या काचेतून बाहेर बघत बसलेले. पायाखालचं पॅडल हळूहळू खाली जाऊ लागलं की उतरायचे, चप्पल घालायचे आणि मला म्हणायचे, "चला मॅडम. पळती समदीच. थांबती कंची, ते बघाय आलोय आपण."

मी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात गणित शिकवते. तिशी उलटल्यावर मला वेगाने गाडी चालवायचं वेड लागलं. रस्त्यावर नव्हे. दक्षिणेत शर्यतीचे ट्रॅक आहेत, ते ठरावीक दिवशी आपल्यासारख्यांना खुले करतात. स्वतःची गाडी न्यायची, हेल्मेट घालायचं आणि फेऱ्या मारायच्या. शर्यत नाही की बक्षीस नाही. घरची गाडी न्यायला नवऱ्याने साफ नकार दिला, म्हणून मी परवडेल अशी एखादी जुनी गाडी शोधत होते. चाचांचं गॅरेज मिरज रस्त्याला होतं. वय पासष्टच्या पुढे, अंगात निळा सदरा. आमच्या घरच्या गाड्या वर्षानुवर्षं त्यांच्याच हाताखालून गेलेल्या.

मी मनात एक लाल, दणकट इंजिनाची गाडी धरून बसले होते. मोबाइलवर फोटो दाखवला. चाचांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"मिरवायची असंल तर बेस हाय. शिकायची असंल तर न्हाई."

"का हो चाचा?"

"ताकदीची गाडी तुमची चूक झाकती. हलकी गाडी लगीच दावती. आन टायर, ब्रेक लय खात न्हाई. पयलं वरीस तुमी शिका, मग गाडीला काय लावायचं ते लावा."

सात गाड्या त्यांनी नाकारल्या. आठवी विट्याजवळच्या एका गावात होती. मालकाचं सोनं गाळायचं दुकान दूर उत्तरेतल्या एका शहरात. गावी आल्यावर फिरायला म्हणून त्याने एक छोटी पांढरी गाडी घेऊन ठेवली होती. ती फारशी चाललीच नव्हती. चाचा सीटवर बसले, ब्रेक दाबला आणि बराच वेळ उतरलेच नाहीत. तेव्हाच मी ओळखलं.

मालकाने फोनवर होकार दिला होता, पण किल्ली त्याच्या म्हाताऱ्या आईच्या कनवटीला होती. "कुटं न्हेणार गाडी?" तिने विचारलं. मी 'कॉलेजला' म्हणणार, तेवढ्यात चाचा बोलले.

"आक्का, खोटं कशाला सांगू? पळवायची हाय. गोल रस्ता असतोय, त्येच्यावर."

"आन जायचं कुटं?"

"कुटंच न्हाई. फिरून परत तितंच."

म्हातारीने थोडा विचार केला. "न्या," ती म्हणाली. "हितं उभी राहून तरी कुटं जाती?"

चाचांनी दोन महिने त्या गाडीवर काम केलं. ब्रेकचे पाइप नवे, पॅड नवे, तेल नवं. इंजिनाला हात लावला नाही. मग आम्ही दोघं, सोबत माझा नवरा, असे तमिळनाडूतल्या ट्रॅकवर पोहोचलो. सकाळच्या पहिल्या फेऱ्यांत मी चाचपडले. नंतर वळणं कळू लागली. माझ्या दुप्पट ताकदीच्या गाड्या वळणावर मला सापडू लागल्या. मी थांबले ती हसतच.

चाचा चाकाशी वाकले होते. उभे राहिले तेव्हा चेहरा उतरलेला होता. पुढच्या ब्रेकचा पाइप चाक पूर्ण वळलं की घासत होता. वरचं रबर सोलून निघालं होतं. आजूबाजूचे लोक जमले. एकजण म्हणाला, बांधून घ्या, अजून दोन फेऱ्या सहज होतील.

चाचा मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पाइप म्या बसवलाय. चूक माझी हाय. आज गाडी ट्रॅकवर जाणार न्हाई."

शहरात जाऊन त्यांनी नवा पाइप आणून बसवला, तोवर ट्रॅक बंद झाला होता. वर्षभर वाट पाहिलेला दिवस दुपारीच संपला. परतीच्या वाटेवर मी त्यांच्याशी बोलले नाही. बेळगावच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा तेच म्हणाले, "पाचगणीच्या घाटात एक टॅक्सी माझ्या हातनं दुरुस्त होऊन गेलती. ब्रेक गेला. डोंगराला घासून थांबली. ड्रायव्हरचा पाय गेला. चूक माझी व्हती, हे म्या त्याला दवाखान्यात जाऊन सांगितलं. लय उशिरा सांगितलं, मॅडम. आठ दिस लागलं मला."

मी त्यांच्या पेल्यात माझ्यातला चहा ओतला.

पुढे त्यांचे हात थरथरू लागले. गॅरेज बंद करून ते साताऱ्याला मुलीकडे, शबानाकडे, राहायला गेले. मागच्या हिवाळ्यात ते वारले. त्याच्या महिनाभर आधी मी भेटायला गेले होते. "घाटातनं एक चक्कर मारा," म्हणाले. त्याच पांढऱ्या गाडीतून यवतेश्वरचा घाट चढून आम्ही वर गेलो, थोडा वेळ वाऱ्याला बसलो. उतरताना ते शेजारच्या सीटवर गप्प होते. दारात पोहोचून मी वळून पाहिलं, तर मान खांद्यावर कललेली, तोंड किंचित उघडं, श्वास संथ.

शबाना बाहेर आली आणि काचेशीच थबकली. "घाटात झोपले?" तिने हळूच विचारलं. "अब्बा दुसरं कुणी गाडी चालवत असलं की डोळा मिटत न्हाईत. माझा नवरा चालवत असला तरीबी."

आम्ही त्यांना उठवलं नाही. तिने चहा बाहेरच आणला आणि आम्ही दोघी गाडीला टेकून उभ्या राहिलो.