अर्धी पट्टी

धाकटीला थोरल्या जावेचा हेवा वाटायचा, आणि तो लपवायची तसदीही ती घेत नसे. दोघींना मधुमेह एकाच वर्षी जडला. इथपर्यंत न्याय झाला, पुढे मात्र सगळा पंक्तिप्रपंच. थोरलीचा नवरा मोठ्या कंपनीत, त्यामुळे तिचं इन्सुलिन, सुया, साखर तपासायच्या पट्ट्या, सगळं कंपनीच्या खर्चाने घरपोच. धाकटीचा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवणारा. घरखर्चातच त्याची कमाई संपायची. तिची औषधं तिच्याच बोटांवर चालायची. शिंप्याकडून कोट आणायचे, हाताने काजं करायची, बटणं लावायची. तीन कोट झाले की एका पट्टीचे पैसे सुटायचे, आणि रक्ताचा एक थेंब पडला की ती पट्टी वाया.

थोरली दिवसातून चारदा बोट टोचायची. मनात आलं तर पाचव्यांदाही. वापरलेली पट्टी ती टोपलीत टाकायची तेव्हा धाकटीच्या पोटात दुखायचं.

मग तिने काजाची बारीक कात्री काढली आणि पट्टी उभी चिरून एकीच्या दोन केल्या. इतका सरळ काप दुसऱ्या कुणाला जमलाच नसता. साखर मोजायच्या जुन्या यंत्राने आधी कुरकुर केली, मग आकडा दाखवला. एकशे अठरा. थोरलीची साखर दोनशेच्या खाली कधी उतरायची नाही.

"अगं, तू खातेस तरी काय?" थोरलीने विचारलं.

"काही नाही हो जाऊबाई. माझे हात कामात असतात. बसून राहिलं की चढते साखर."

त्या दिवशी धाकटीला जेवण गोड लागलं. आकडा खोटा असेल अशी शंका तिला एकदा आली होती. पण खात्री करायची तर अख्खी पट्टी लागली असती.

पुढे सुईचं भोक दिसेनासं झालं. शिंप्याने दोन कोट परत पाठवले. "काजं वाकडी झालीत, वहिनी. डोळे दाखवून घ्या," तो म्हणाला. तिने दोष दोऱ्याला दिला.

महिन्याच्या तपासणीला दोघी जावा एकत्रच जायच्या. डॉक्टरीणबाईंनी दोघींच्या आकड्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्या.

"तुमचे आकडे छान आहेत," त्या धाकटीला म्हणाल्या. "इन्सुलिन कमी करू या."

म्हणजे खर्चही कमी. धाकटीने मान वळवून थोरलीकडे बघितलं. तिचा चेहरा पडला असणार, आणि तो तिला डोळे भरून बघायचा होता. पण नाक, डोळे, ओठ सगळं धुरकट. जन्मात एकदा जाऊबाईवर मात केली आणि तिला ती दिसेना. म्हणजे दोष दोऱ्याचा नव्हता.

"कमी नका करू," ती म्हणाली. "मी पट्ट्या चिरते."

बाईंनी नवी पट्टी लावली. तीनशे सेहेचाळीस. थोरली हसली असती तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"जाऊबाई," धाकटी खाली बघत म्हणाली, "तुमच्यातल्या थोड्या पट्ट्या मला द्याल?"

थोरलीने पिशवीतला भरलेला डबा काढून तिच्या मांडीवर ठेवला. किती आहेत, किती उरतील, काहीच बघितलं नाही. न मोजता देता येतं, याचाच धाकटीला सगळ्यात जास्त हेवा वाटला. डबा मात्र तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला.