अजून थोडं

ती मुलगी पाण्याच्या टाकीवरून पडली नव्हती. हे मी कितीतरी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही.

मी जव्हारकडच्या एका आश्रमशाळेत खेळाचा शिक्षक. योगही मीच शिकवायचो, कारण दुसरं कोणी नव्हतं. भिंतीवरचा तक्ता, मोबाईलवरचे व्हिडिओ आणि माझा मोठा आवाज, एवढ्यावर चाललं होतं. एका वर्षी योग दिनाच्या कार्यक्रमासाठी मुलांची आसनं बसवत होतो. आठवीतली एक मुलगी पाय लांब करून पुढे वाकली होती, पण कपाळ काही गुडघ्याला टेकत नव्हतं. मी मागून तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं.

"अजून थोडं."

"सर, दुखतंय."

"अजून थोडं," मी म्हणालो आणि अंगाचा भार टाकला. मग तिला उठताच येईना.

मुख्याध्यापकांना सांगितलं, टाकीवर चढली होती, पडली. ती तिथंच भिंतीला टेकून उभी होती. तिनं ऐकलं. तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. कार्यक्रम चांगला झाला. मला शाल-श्रीफळ मिळालं.

आता ती खोडाळ्याच्या बाजारात भाजी विकते. बाकीच्या बाया जमिनीवर उकिडव्या बसतात, ही उलट्या क्रेटवर. मी दर बाजाराला तिच्याकडूनच घेतो. वाटा पिशवीत टाकून झाला की वर मूठभर घालते. "अजून थोडं न्या, सर." ती सहज म्हणते. मी पिशवी पुढे करतो आणि दुसरीकडे बघतो.

गेल्या वर्षी ठरवलं, नीट शिकायचं, नाहीतर मुलांच्या अंगाला हात लावायचा नाही. चौकशी सुरू केली. घरबसल्या ऑनलाइन पुरा होणारा कोर्स सोपा होता, पण त्यात माझे हात कुणाला दिसणारच नव्हते. नाशिकला विचारलं तर तिथले ओळखीचे निघाले. "सर, तुम्हाला आम्ही काय शिकवणार? परीक्षेपुरते या." पूर्वीचा मी असतो तर लगेच गेलो असतो. तिसरा होता श्रीलंकेतला. काही महिने ऑनलाइन, मग तिथं जाऊन राहायचं. राहायचं ते एवढ्यासाठी, की दुसऱ्याच्या अंगाला हात कसा लावायचा हे तिथल्या शिकवणाऱ्या बाईंच्या नजरेखाली करून दाखवायचं.

बायको हसायलाच लागली. "सगळं जग योग शिकायला आपल्याकडे येतं, आणि तुम्ही लंकेला? कोणाला पळवून नेलंय का तिकडे?"

"शिकायला चाललोय."

"इंग्रजीतून? अहो, तुमचं इंग्रजी ऐकून तेच शवासनात जातील."

प्रवेशाआधी व्हिडिओ कॉल होता. त्या बाईंनी माझं शिक्षण विचारलं नाही. सावकाश इंग्रजीत एवढंच विचारलं, "तुमच्या हातून कधी कुणाला इजा झाली आहे?"

"हॅलो, हॅलो, आवाज येत नाही," म्हणत मी फोन बंद केला. रेंज पुरी होती. आमच्या भागात रेंजवर ढकललेलं खोटं कुणी तपासत नाही. टाकीवर ढकललेलंही कुणी तपासलं नव्हतं.

पण फोन खाली ठेवला तेव्हाच नक्की झालं, शिकायचं तर यांच्याकडेच. हे दुसऱ्या कुणी विचारलंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात मीच कॉल लावला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगून टाकलं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "हे तुम्ही तिला सांगितलंय?"

बाजाराच्या दिवशी खोडाळ्याला गेलो. तिच्यासमोर उभा राहिलो.

"तू टाकीवरून पडली नव्हतीस."

"मला काय सांगता, सर? मी तिथंच होते."

शेजारची मिरचीवाली फिसकन हसली. तिला वाटलं, भावावरून चाललंय.

"मी दाबलं. तू दुखतंय म्हणालीस, तरी दाबलं. आणि वर खोटं सांगितलं."

ती शेंगांचे वाटे सारखे करत राहिली. मग म्हणाली, "पाठीचं माझं मी बघते. भाताच्या लावणीला वाकता येत नाही, म्हणून इथं बसते. पण त्या टाकीपायी आईनं मला झोडलं होतं. अजून नातवंडांना सांगते, तुमची आत्या माकडासारखी टाकीवर चढली न् पाठ घालवून बसली. मला सांगून काय होणार? मला ठाऊक आहे. तिला सांगा."

"कुठे असते?"

"घर वांगणीला. आता माझ्या भावासंगं वीटभट्टीवर. पावसाच्या आधी येतील."

मी वालाच्या शेंगांचा एक वाटा घेतला. या खेपेला वर मूठभर पडलं नाही. बरं वाटलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. त्या दिवशी तिनं चेष्टा केली नाही. जेवणं झाल्यावर म्हणाली, "आधी वांगणी. मग लंका."

माझंही तेच ठरलं होतं. राहायला जायची पावसाआधीची तुकडी सोडून मी पावसानंतरची घेतली आहे. ऑनलाइन भाग चालू आहे. शाळेत सध्या कुणाच्या पाठीला हात लावत नाही, लांबून सांगतो. एखादं मूल "दुखतंय" म्हणालं की तिथंच थांबवतो.

वांगणीला जाऊन, तिच्या आईच्या दारात उभं राहून, तुमची मुलगी टाकीवर चढली नव्हती, हे सांगणं माझ्याकडून बाकी आहे.