मेंढीचं साल

सेयिलकानला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. चहाचा पेला हातात घेऊन ती तंबूच्या दारात उभी राहते, दोन घोट घेते, पेला कुठेतरी टेकवते आणि निघते. तासाभरानं तो पेला तिसऱ्याच कुणाच्या तंबूत सापडतो. कुरणावरच्या बायका म्हणतात, हिच्या पायाला भिंगरी आहे. छप्पन्न वर्षांची बाई, पण उतारावरून येताना पाहिली तर वाटावं, हिचं घरच जळतंय.

तीस वर्षं ती ढोरांच्या डॉक्टरच्या हाताखाली होती. डॉक्टर बदलून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि हिरव्या पत्र्याची औषधांची पेटी सेयिलकानच्या गळ्यात पडली. उन्हाळ्यात सगळी वस्ती कळपांबरोबर वर कुरणावर येते तेव्हा ती पेटीही घोड्यावर लादून वर येते. माणसांचा दवाखाना खाली, चार तासांवर. त्यामुळे मेंढी लंगडली तरी लोक सेयिलकानकडे, आणि माणूस खोकला तरी सेयिलकानकडे.

"वासरांचं ते इंजेक्शन टोच की एक," म्हणणारे रोज भेटतात. ती कुणालाही टोचत नाही. गेल्या वर्षी एकानं आपल्या मांजरीसाठी त्याच औषधाच्या चार थेंबांचा हट्ट धरला, तर तिनं त्याला तंबूबाहेर काढलं आणि वर ओरडली, "आंधळी होईल ती! मग उंदीर तू धरणार का?"

तिच्या या हट्टाचं कारण तिच्याच मागे तीन पायांवर भार देत लंगडत फिरतं. त्याचं नाव उचार. ताइगान जातीचा कुत्रा, वाऱ्याला गाठणारी जात. सेयिलकानच्या नवऱ्यानं तो पिल्लू असताना लांबून, दोन दिवस घोड्यावरून आणला होता. शिकारीसाठी चामड्याचा पट्टाही शिवून ठेवला होता. पाच महिन्यांचा असताना पिल्लाला ताप भरला. सेयिलकाननं पेटी उघडली, वासराच्या औषधाची बाटली काढली, अंदाजानं सुई भरली आणि आठ दिवस टोचत राहिली. ताप गेला. पंधराव्या दिवशी पिल्लू उठताना किंचाळलं. शहरातल्या ढोरांच्या डॉक्टरनं सांगितलं की वाढत्या वयाच्या कुत्र्याला हे औषध द्यायचं नसतं, सांध्यातली कूर्चा खराब होते. नवरा तिला एक शब्दही बोलला नाही. पट्टा त्यानं तंबूच्या आढ्याला टांगला. दोन वर्षांनी तो वारला. पट्टा अजून तिथेच आहे, आणि नवरा तेव्हा चार शिव्या घालून मोकळा झाला असता तर बरं झालं असतं, असं तिला अजून वाटतं.

आता कादिरालीविषयी. हा गडी तीन वर्षांपूर्वी डोंगरापलीकडून आला, झूराकान नावाच्या विधवेशी लग्न करून. झूराकान सेयिलकानची जुनी मैत्रीण, चोपन्न वर्षांची. कादिराली विधुर. अंगानं काटक, मिशा कोळशासारख्या काळ्या, घोड्यावर बसला की पाठ ताठ. वय विचारलं की छाती पुढे काढून सांगायचा, "मेंढीचं साल!" आमच्याकडे वय असंच सांगतात. बारा सालं, बारा जनावरं, आणि बारा वर्षांनी तेच जनावर पुन्हा येतं. सेयिलकान स्वतः घोड्याच्या सालातली. घोड्यानंतर मेंढी. म्हणजे हा आपल्याहून एक वर्षानं धाकटा, असा हिशोब तिनं पहिल्याच दिवशी मनात करून टाकला. तोही तिला सगळ्यांसमोर वाकून "एजे" म्हणायचा, म्हणजे थोरली बहीण. तिनं एकदा चुकून "बाइके" म्हटलं, थोरल्या भावाला म्हणतात तसं, तर तो केवढा रुसला!

"एजे, माझी चेष्टा करतेस? बाइके म्हण त्या बेशेनालीला. बासष्ट वर्षांचा म्हातारा आहे तो."

कुरणावर सगळ्यांत वडील बेशेनालीच, म्हणून सणाला घोडीच्या दुधाचा पहिला वाडगा त्याचा.

तर या जूनमध्ये कादिराली पोटाखाली हात दाबून तिच्या दारात आला. दोन दिवस लघवीला आग, अंगात कणकण.

"एजे, वासरांचं ते दे थोडं. बैलाला उभं करतं, मला नाही करणार?"

"बैलाच्या मागे रडायला बायको नसते. चल टेकाडावर."

फोन फक्त टेकाडावरच लागतो. तिनं शहरातल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी नीट विचारलं. साठीच्या पुढचा आहे का? सांध्यात कुठे स्टिरॉइडची सुई घेतली आहे का? मूत्रपिंडाचं जुनं दुखणं?

सेयिलकाननं फोन बाजूला धरून विचारलं, "तुझं वय किती रे?"

"मेंढीचं साल. तुला माहीत नाही का?"

"पंचावन्न," सेयिलकाननं फोनवर सांगितलं.

"आणि गुडघ्यात वगैरे सुई?"

"माझे गुडघे? एजे, घोड्याचे आहेत ते!"

डॉक्टरीणबाईंनी सिप्रोच्या गोळ्या लिहून दिल्या आणि संध्याकाळी ट्रकवाल्याबरोबर पाठवल्या. बरोबर सूचनाही दिल्या. गोळीच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास दुधाचं काही नको, नाहीतर औषध पोटातच अडकतं आणि अंगी लागत नाही. कडक उन्हात अंग झाकायचं. टाच, पोटरी, खांदा, कुठेही शीर दुखली तर गोळी तिथेच थांबवायची, पायावर भार द्यायचा नाही आणि फोन करायचा.

झूराकाननं हे सगळं असं पाळलं की विचारू नका. दह्याचं मडकं कुलपात. चहा काळा. कादिराली शेजारच्या तंबूत गेला तर ती मागोमाग हजर, पुढे आलेला दुधाचा वाडगा परत पाठवायला. आमच्याकडे पुढे केलेला वाडगा परत पाठवणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकण्यासारखं. चार दिवसांत ती चार घरांशी भांडली. पण आग गेली, ताप गेला, आणि पाचव्या दिवशी कादिराली शीळ वाजवत घोड्याला खरारा करताना दिसला.

सेयिलकानला मात्र चैन पडेना. का ते तिलाच कळत नव्हतं. सगळं विचारून केलं होतं, स्वतःच्या अंदाजानं काही दिलं नव्हतं. तरी त्या दिवशी सकाळपासून ती तीनदा टेकाडावर जाऊन आली आणि काही न करता खाली उतरली.

तो दिवस शिंगरं बांधायचा होता. वर्षातून एकदा घोड्यांचा कळप खाली आणतात. पुरुष मोकळी शिंगरं पळून धरतात आणि लांब दावणीला ओळीनं बांधतात. मग घोड्या पिल्लांपाशी थांबतात, बायका धार काढतात, आणि पहिल्या धारेचा वाडगा सगळ्यांत वडील माणसाच्या हाती जातो. त्याच्याआधी कुणी ओठ लावत नाही.

सेयिलकान झूराकानच्या तंबूत डोकावली. झूराकान दावणीच्या खुंट्यांना फासायचं लोणी मळत होती.

"कसा आहे तुझा?"

"तुझा गुण आला. सकाळी तर नाचत गेला. टाच जरा दुखतेय म्हणाला, नव्या बुटानं."

"कुठली टाच?"

"उजवी. अगं, बस की. गंमत सांगते. काल कात्री शोधताना त्याच्या पेटीत सैन्यातला फोटो सापडला. केवढे केस! मागे लिहिलंय, एकोणीसशे चौऱ्याहत्तर."

सेयिलकान बसली नव्हतीच, पण आता उभ्या उभ्याच थिजली. चौऱ्याहत्तर? सदुसष्टची मेंढी असती तर चौऱ्याहत्तर साली हा सात वर्षांचा. सात वर्षांच्या पोराला सैन्यात कोण घेतं?

"झूरा," ती म्हणाली, "तो आधीच्या मेंढीचा आहे. पंचावन्न सालचा. सदुसष्ट वर्षांचा!"

झूराकाननं लोण्यावरून नजर उचलली नाही. "मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे?"

"लग्नाच्या दिवसापासून. मिशा धुताना पाणी काळं होतं, बाई. मार्चमध्ये शहरात जाऊन गुडघ्यात सुई घेऊन आला, तेही मला ठाऊक. मला सांगितलं, नाल आणायला चाललोय. इतक्या हौसेनं सांगतो पंचावन्न, मी कशाला मोडू?"

"सुई? गुडघ्यात?" सेयिलकानचा आवाज फाटला. "अगं, डॉक्टरीणबाईंनी हेच तर विचारलं होतं! साठीच्या पुढे, त्यात ती सुई, त्यात या गोळ्या. टाचेची शीर तुटते अशानं! आणि तो आज पळतोय!"

लोण्याचा गोळा झूराकानच्या हातातून सुटला. सेयिलकान दाराबाहेर होती. मागून हाक आली, "सेयिल! चारचौघांत वय काढू नकोस त्याचं! मरेल तो लाजेनं!"

ती धावली. ओढा तिनं बुटांसकट ओलांडला. मागून उचार लंगडत येत होता आणि भुंकत होता, आणि ते भुंकणं ऐकवेना म्हणून ती आणखी जोरात धावली. चूक कुणाची, हे तिच्या डोक्यात घणासारखं वाजत होतं. तो खोटं बोलला, झूराकान गप्प राहिली, हे सगळं खरं. पण फोनवर पंचावन्न कोण म्हणालं? पुन्हा अंदाजच केलास ना, सेयिलकान? या वेळी सुईऐवजी सालाचा.

मैदानात धुरळा होता. अकरा शिंगरं दावणीला लागली होती, एक राहिलं होतं, पांढऱ्या कपाळाचं आणि सगळ्यांत चपळ. बाकीचे पुरुष दमून बसले होते. कादिराली फासाची काठी घेऊन उभा होता. उजवा पाय त्यानं उचलून झटकला, बुटाची टाच चाचपली, पुन्हा टेकवला.

"कादिराली! थांब!"

"आलो एजे! एवढं एकच राहिलंय!"

"पळू नकोस! पाय टेकवू नकोस!"

लोक हसले. "एजेला काळजी पडली धाकट्या भावाची!" कुणीतरी म्हणालं. कादिरालीनंही हसून हात हलवला, गुडघ्यात वाकला आणि शिंगराच्या दिशेनं पहिलं पाऊल टाकलं.

नुसतं थांब म्हटल्यानं हा थांबणार नव्हता. पंचावन्न वर्षांचा माणूस बुटाच्या घासण्यानं थांबत नाही. झूराकानचे शब्द तिच्या कानात होते. कुरणावरची सगळी माणसं समोर होती. आणि मागे उचार भुंकत होता.

"बाइके!" ती जिवाच्या आकांतानं ओरडली. "कादिराली बाइके, थांबा! मी चुकले, तुमचं वय मी चुकीचं सांगितलं! ती शीर तुटेल!"

कादिरालीचं दुसरं पाऊल हवेतच राहिलं. त्यानं ते हळूच खाली ठेवलं. पांढऱ्या कपाळाचं शिंगरू थोडं पुढे जाऊन उभं राहिलं आणि गवत खाऊ लागलं.

तो वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. तोवर झूराकान पोहोचली होती, हात लोण्यानं माखलेले. त्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली.

"खाली बसा," सेयिलकान धापा टाकत म्हणाली. "बूट काढू द्या."

बूट निघता निघेना. टाचेच्या वरची शीर बोटाएवढी जाड झाली होती, लाल. हात लावताच त्यानं दात आवळले. ती तुटली नव्हती.

"गोळी बंद. आत्तापासून. या पायावर उभं राहायचं नाही. ट्रकवाला तुम्हाला शहरात नेईल, डॉक्टरीणबाई दुसरं औषध देतील. आणि या वेळी साल स्वतः सांगा, जनावर नको."

तो बायकोला म्हणाला, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मग मिशांना रंग आणून द्यायचीस ती कशाला?"

"तुम्हाला शोभतो म्हणून," झूराकान म्हणाली आणि रडू लागली.

शेवटचं शिंगरू बेशेनालीच्या जावयानं धरलं. बायकांनी धार काढली. वाडगा भरला आणि रिवाजाप्रमाणे बेशेनालीच्या हाती दिला. म्हातारा तो घेऊन उभा राहिला, इकडेतिकडे पाहिलं, मग सांडू न देता हळूहळू चालत कादिराली बसला होता तिथे आला आणि कमरेतून वाकला.

"बाइके," बेशेनाली म्हणाला, "तीन वर्षं तुमचा वाडगा मी प्यायलो. आधी सांगितलं असतंत तर एवढं पाप लागलं नसतं."

कुणी हसलं नाही. कादिरालीनं दोन्ही हातांनी वाडगा घेतला, पण तोंडाला लावला नाही. त्यानं सेयिलकानकडे पाहिलं. संध्याकाळच्या गोळीला दोन तासही उरले नव्हते.

"प्या," ती म्हणाली. "त्या गोळीचं पथ्य आता राखायचं नाही."

तो प्यायला. पाच दिवसांनी दूध पोटात जात होतं, आणि मिशांवर पांढरा फेस राहिला. वाडगा पुढे बायकोला जाईल असं सगळ्यांना वाटलं. पण त्यानं तो सेयिलकानपुढे धरला. तीन वर्षांत पहिल्यांदाच तो तिला एजे म्हणाला नाही.

"घे, पोरी," म्हणाला. "आणि आता तरी बस जरा."

सेयिलकान त्याच्या शेजारी गवतावर बसली. वाडगा संपेपर्यंत ती उठली नाही. उचार येऊन त्या उघड्या, सुजलेल्या पायाशी आडवा झाला.